पाटावरून उठलेला भाऊ

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. त्याला मी कडेवर घेऊन हिंडले, त्याचा शेंबूड पुसला, आणि तोच एका भाऊबीजेला मला विचारतो, "आक्का, खरं सांग, मत कुणाला दिलं?"

त्या साली निकाल लागला आणि लगेच दिवाळी आली. माझं माहेर अंबडजवळ, सासर घनसावंगीकडं. भाऊ ज्या साहेबांच्या मागं फिरायचा ते पडले होते. सासऱ्यांचे साहेब निवडून आले होते आणि सासऱ्यांनी दिवाळीचे फटाके निकालाच्या दिवशीच वाजवून टाकले होते. भाऊ पाटावर बसलेला, माझ्या हातात ताट, निरांजन पेटलेलं. तुझ्याच साहेबांना दिलं म्हणून मोकळी झाले असते तर काय बिघडलं असतं? पण मला मेलीला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "घरच्यांनी सांगितलं तिकडं दिलं."

तो तसाच पाटावरून उठला. कपाळाला कुंकूसुद्धा लागलं नव्हतं. "मंग त्याह्यलाच ओवाळ," म्हणाला, आणि गाडी काढून गेला. मलाही राग आला. म्हटलं, जा, येशील झक मारत.

तो काही आला नाही. ना रक्षाबंधनाला, ना पुढच्या दिवाळीला.

मग वर काय काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. सासऱ्यांचा पक्ष फुटला. भावाचाही फुटला. सकाळी टीव्हीवर एकमेकांना चोर म्हणणारे संध्याकाळी हात हातात घालून दिसायचे. सासऱ्यांनी गळ्यातलं उपरणं बदललं, पण जुनं टाकलं नाही. घडी घालून पेटीत ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे, लागंल."

एका सकाळी पेपरात फोटो आला. दोन्ही साहेब एका स्टेजवर, एकमेकांच्या तोंडात पेढा कोंबून राह्यलेले. मला इतका आनंद झाला की हातातलं पीठ न धुताच फोन लावला.

"अरे, मिटलं की रे त्यांचं! आता तरी ये."

"वरचं वर मिटलं, आक्का. तुझ्या सासऱ्यानं माझ्या दारावरून मिरवणूक नेल्ती, माझ्या नावानं बोंबा मारल्या. ते कसं मिटंल?"

"अरे, मग माझं काय त्यात?"

तो म्हणाला, "साहेबांचा फोन येऊन राह्यला, ठेवतो."

पुढची दिवाळी यायच्या आत साहेबांचं परत बिनसलं. त्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया ओवाळतात ना, तसं. शेजारची म्हणाली, "अगं, तुला तर भाऊ हाय!" मी म्हटलं, हाय की, बिलकुल हाय.

औंदा निवडणूक नेमकी दिवाळीतच आली आणि साहेबांचं पुन्हा जमलं. सासऱ्यांनी पेटीतलं उपरणं काढलं, झटकलं, गळ्यात घातलं. भाऊबीजेच्याच दिवशी भावाचे साहेब प्रचाराला गावात येणार, आमच्या दारात थांबणार आणि संगं भाऊ असणार, असा निरोप आला. मी पाट मांडला. त्याला आवडतात म्हणून खुसखुशीत करंज्या केल्या. नवऱ्यानं टोमणा मारला, "करंज्या साहेबाला का मेव्हण्याला?" मी करंज्या डब्यात भरल्या.

जीप थांबली. भाऊ उतरला. केस पांढरे झाले होते त्याचे. धावत आत गेले, निरांजन लावलं, ताट घेऊन दारात आले. भाऊ समोर उभा. मी कुंकवाला बोट लावलं तर तो बाजूला सरकला.

"आधी साहेबांना, आक्का. जल्दी कर, अजून सात गावं राह्यलीत."

मी साहेबांना ओवाळलं. सासरे हसत हार घेऊन उभे. भाऊ मोबाईल धरून समोर. साहेबांचा हात खिशाकडं गेला तशी त्यानं आठवण केली, "साहेब, आचारसंहिता हाय, ताटात काही टाकू नका." मग मी ताट घेऊन भावाकडं वळले. तो मोबाईलमध्ये बघत होता. "बराबर आलं," म्हणाला, आणि पळत जाऊन जीपमध्ये बसला. माझं बोट कुंकवात तसंच राहिलं.

संध्याकाळी शेजारणीनं तिच्या मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. वर लिहिलेलं, बहिणीचा आशीर्वाद साहेबांना. त्यात मी आहे, सासरे आहेत, पेटीतलं उपरणं आहे. भाऊ कुठंच नाही, फक्त त्याचा आवाज आहे. तिला म्हटलं, मला पाठव.

करंज्या नवऱ्यानं खाल्ल्या. मी पाट उचलून भिंतीला लावला. या वेळी चंद्राला ओवाळायलाही बाहेर गेले नाही.