वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मांगा

ऐका न, माझं डोकं अजूनही सुन्न आहे! रामदासपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. पोळ्या झाल्या की चष्मा कपाळावर चढवून खाली येतात आणि माझी पुस्तकं नेतात. परत करताना मत ऐकवल्याशिवाय जात नाहीत. जादूच्या राज्याची जाडजूड कादंबरी दिली, तर म्हणे, "पोरगी नुसती तलवारच चालवून राहिली, जेवते कवा वं?"

परवा जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, परत आणला तेव्हा डोळे भरलेले. "सुरुवातीलेच पोरगा मेला वं! मंग लहान लहान होत गेला, अन् शेवटी आईच्या मांडीवर! काय गोड शेवट हाय!"

मी किंचाळलीच. "काकू, मांगा उजवीकडून वाचतात! तुम्ही शेवटापासून वाचला!"

त्यांनी पुस्तक पलटवलं. पोरगा मरतो ते पान बराच वेळ पाहिलं. "म्हणजे शेवटी मरते तो?"

मले वाटलं, काहून बोलली मी!

काल दुसरा मांगा न्यायला आल्या. दारातच, माझ्याकडे पाहत, मुद्दाम डावीकडून उघडला. "राहू दे वं," म्हणाल्या, "माह्या घरी पोट्टे जिवंतच होतात."