कानाला सांगून हात ऐकत नाही

प्रयोगशाळेत आकडे हळूहळू साठतात, किस्से मात्र भराभर. आकडे छापायला पाठवता येतात. किस्से सांगायला माणूस लागतं. हैदराबादेत मला तेच कमी, म्हणून लिहितोय.

बाजार खुला झाला, सगळे परदेशी निघाले, तेव्हा मी नऊ वर्षांनी अमेरिकेतून परत आलो. इथेही उत्तम संशोधन होऊ शकतं, यावर माझा आजही विश्वास आहे. माझा प्रश्न साधा: माणसाचं लक्ष तोंडी सूचनेनं वळतं, की सरावानं? कॉम्प्युटरवर लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं. काहींना नुसतं सांगायचं, काहींकडून आठवडाभर करून घ्यायचं. माझी बायको मेधा तिकडची पीएच.डी. संपवून मागून येणार होती.

*

पहिले आले सिकंदराबादचे देशपांडेकाका, रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. सूचना त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. लाल ठिपका आला, काका स्तब्ध. दुसरा आला, तरी स्तब्ध.

"काका, लाल दिसतोय ना?"

"दिसतोय की! म्हणून तर थांबलोय."

*

शिपाई यादगिरीला बजावलं होतं, प्रयोग चालू असताना आत यायचं नाही. तो मान डोलवायचा आणि अकराला चहा घेऊन आत! शेवटी कडी लावली, तर कप खिडकीतून आला.

रागावलो तेव्हा म्हणाला, "आप बोले सो याद है साब. पर ग्यारा बज गए ना."

*

त्याला हसायचा मला हक्क नाही. नामपल्लीला रस्ता ओलांडताना रोज स्वतःला बजावतो, आधी उजवीकडे बघ. मान डावीकडेच जाते, तिकडची सवय. परवा एक रिक्षा अंगाला घासून थांबली.

"किधर देख रै मियाँ? गाड्यां इधर से आते!"

घरी जाऊन हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. अंबरपेठेतल्या घराला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात.

*

दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवरून मेधाला फोन करतो. दीड वर्ष झालं. मी विचारतो, "कधी येतेस?" ती म्हणते, "एवढं सेमिस्टर संपलं की बघते." मग मी पैसे देऊन घरी येतो.

या रविवारी ठरवलं, ते विचारायचंच नाही. तळहातावर पेनाने तसं लिहून घेतलं. बूथचं काचेचं दार लावून तीनदा मोठ्याने म्हटलं. फोन लागला. जीभ आवरली आणि मुद्दाम विचारलं, "मेधा, तिकडे बर्फ पडायला लागला का?"

"एवढं सेमिस्टर संपलं की बघते," ती म्हणाली.