त्याचं झालं, आता माझं बघ

आमच्या कुत्र्याचे दात अकराव्या वर्षीही पांढरे आहेत. कुणी त्याचं कौतुक केलं की मला राग येतो, आणि तो काढावा कुणावर ते कळत नाही.

कुत्रं आईचं. वडील गेल्यावर मी तिला म्हसवडहून सांगलीला आणायला गेलो, तेव्हा ती एकाच अटीवर उठली, पिल्लू बरोबर येईल. मेंढरांमागच्या कुत्रीचं ते तांबूस पिल्लू तिने पिशवीत घातलं, एसटीत पिशवी मांडीवर घेतली आणि वरून पदर टाकला. विट्यापर्यंत ते गप्प होतं. पुढे कुंई कुंई सुरू झाल्यावर आई खोकत राहिली, कंडक्टरला ऐकू जाऊ नये म्हणून. तासगाव येईस्तोवर सगळी गाडी हसत होती, कंडक्टरसुद्धा.

पाचेक वर्षांनी त्याच्या तोंडाला घाण वास यायला लागला. भाकरीचा तुकडा एका बाजूने चावायचं आणि परत ताटलीत टाकायचं. आई त्याला भाकरी दुधात कुस्करून देऊ लागली. "लाडावून ठेवलंय तू," मी म्हणायचो. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याचा ओठ वर करून मला दाखवलं. दाढांवर तपकिरी किटण चढलेलं, हिरड्या लालबुंद. गुंगी देऊन त्यांनी दात साफ केले, हलणारी एक दाढ काढली आणि मला चांगलं सुनावलं. त्याला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही बघायचं. रोज दात घासायचे. आपली टूथपेस्ट वापरायची नाही, त्याला थुंकता येत नाही, ते गिळतं. शिजवलेली हाडं टाकायची नाहीत. आणि आठवड्यातून एकदा ओठ वर करून पार आतपर्यंत बघायचं. रक्त, सूज, वास, एका बाजूने चावणं, काहीही दिसलं तर थांबायचं नाही.

हे काम माझ्या जातकुळीचं होतं. कुपवाडच्या एका कारखान्यात मी माल तपासायला आहे. केसाएवढा तडा गेलेला पार्ट माझ्या हातून सुटत नाही, असं सगळे म्हणतात. मलाही त्याची घमेंड होती.

रोज सकाळी सहाला आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. पहिला आठवडा नुसते ओठ चाचपले. मग बोटाला ओलं फडकं गुंडाळून हिरडीच्या कडेने फिरवलं. दोनदा चावलं मला. महिन्याभराने लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांची चिकनच्या चवीची वेगळी पेस्ट आणली, तेव्हा कुठे ते मान वर करून स्वतःहून बसायला लागलं. आई वरच्या पायरीवर बसून हे बघायची आणि हसायची.

"आमच्या मेंढरांमागं चार चार कुत्री असायची. लांडग्याला फाडायची. कुणी त्यांचं दात घासलं न्हाईत कवा."

हसताना तिच्या हातात डबी असायची. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, मिश्री. लग्नाआधीपासून ती रोज दातांना मिश्री लावायची, सकाळी, दुपारी जेवल्यावर, आणि मन लागेना तेव्हाही. मी एकदा ती डबी कचऱ्यात फेकली होती. "तोंड माझं हाय," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवी डबी आली. मी नाद सोडला. मोठा शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं.

तर खालच्या पायरीवर कुत्र्याचे दात आणि वरच्या पायरीवर आईचे, असं आमचं रोजचं चालायचं. एका सकाळी मी त्याचं तोंड पुसून उठलो, तेव्हा ती म्हणाली, "त्याचं झालं, आता माझं बघ की. हितं आत गालाला कायतरी खरबरीत लागतंय."

"तुला पण ती चिकनची पेस्ट आणू का?" मी म्हणालो.

ती हसली, पदर तोंडाला लावून. मी हात धुऊन कामावर गेलो. तिने पुन्हा कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास तिने भाकरी आमटीत कुस्करायला सुरुवात केली होती. तिखट लागतंय म्हणायची, म्हणून बायको तिच्यासाठी वेगळी बिनतिखटाची आमटी करायची. वय झालं, असं मीच बायकोला समजावलं. एका बाजूने चावणं, कुस्करून खाणं, तोंडाला वास. कुत्र्याच्या बाबतीत यातलं एक जरी दिसलं असतं, तर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखाना गाठला असता.

वर्षभराने तिचा गाल बाहेरून सुजला. मिरजेच्या डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि तोंड उघडायला सांगितलं. ते दोन बोटंही उघडेना. "किती दिवसांपासून आहे?" त्यांनी विचारलं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "झालं असतील पंधरा दिस. आदी कायबी नव्हतं."

मी तिला खोटं ठरवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

कॅन्सर पुढे गेला होता. रेडिएशनचा शेक सुरू झाल्यावर तिचं तोंड आतून सोलून निघालं. जेवणानंतर मीठ-सोड्याच्या पाण्याने ते पुसायचं होतं. बायकोने केलं तर ती कळवळायची, नर्सचा हात ढकलायची. मग मी बोटाला ओलं कापड गुंडाळलं. एका हाताने तिचा ओठ हळूच वर केला आणि हिरडीच्या कडेने, दाब न देता, पुढून मागे बोट फिरवलं. ती शांत पडून राहिली. आईचं तोंड मी पहिल्यांदाच आतून बघत होतो.

झाल्यावर ती जड जिभेने म्हणाली, "कुत्र्यावर हात चांगला बसलाय तुझा."

चेष्टाच केली तिने. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. पुढचे तीन महिने ते काम मीच केलं.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. वरची पायरी रिकामी असते. कुत्रं मान वर करून बसतं, मी घासतो. परवा लस द्यायला त्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सवयीने त्याचा ओठ वर केला आणि पार मागच्या दाढेपर्यंत बघितलं.

"या वयात असे दात बघायला मिळत नाहीत," ते खुशीत म्हणाले. "घरात रोज तोंड उघडून बघणारं माणूस आहे, हे लगेच कळतं."

मी हो म्हणालो आणि पट्टा धरून त्याला बाहेर आणलं.