डाक किरायाच्या घरी जाते

बालाघाट जिल्ह्यात ईमेल माझ्या बायकोच्या मामांनीच आणला, अशी लग्नानंतर वर्षभर तरी माझी पक्की समजूत होती. ती त्यांनीच करून दिली होती. आम्ही दोघं एकाच विद्यापीठात. मी इतिहास शिकवणारा, आणि मामाजी संगणक विभागाचे प्रमुख, म्हणजे विद्यापीठाची सगळी डाक ज्या मशीनमध्ये साठायची त्या सर्व्हरचे सख्खे पालक. त्या खोलीत पायताण घालून शिरायची कोणाची टाप नव्हती. एकदा कुलसचिव पाहणीला आले, तर मामाजींनी त्यांनाही बूट काढायला लावले आणि फाटक्या मोज्यातून डोकावणारा त्यांचा अंगठा पाहून वर म्हणाले, "हवा लागू द्या त्याले, इथं एसी आहे."

ईमेलवर मात्र त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. मेल पाठवला की लगेच फोन, "जावईबापू, मेल भेटला का?" मी हौ म्हटलं तरी समाधान नाही, जिना चढून येत आणि माझ्या खांद्यावरून तो मेल मलाच मोठ्यानं वाचून दाखवत. मोठ्या फाइली पाठवणाऱ्यांवर त्यांचा जन्माचा राग. भूगोलाच्या मॅडमनी लेकीच्या लग्नाचे फोटो अख्ख्या विद्यापीठाला पाठवले, तेव्हा मामाजी भर स्टाफरूममध्ये कडाडले, "पोरगी सासरी गेली, आनंद आहे. पण वरात काहून माह्या मशीनवरून नेता?"

मग हुकूम आला, की मेल, मीटिंगा, फाइली, सगळं क्लाउडवर, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या मशीनवर न्यायचं आणि सर्व्हर बंद करायचा. भोपाळच्या कंपनीतून एक इंजिनिअर बाई आल्या. म्हणाल्या, "अंकल, टेन्शन मत लीजिए, सब आराम से चला जाएगा."

"जाएगा तो मालूम है बिटिया," मामाजी म्हणाले, "बुलाने पर आएगा क्या, वो बताओ."

संध्याकाळी आमच्याकडे चहा पिताना तेच. "इतके वर्सं डाक आपल्या घरात होती, जावईबापू. आता किरायानं राहायले चालली." दोन दिवस ते रुसून जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत. कँटीनच्या समोशांना रुसवा लागू नव्हता.

तिसऱ्या दिवशी मात्र असे कामाला लागले की इंजिनिअर बाई दमल्या. कोणाचा एकही जुना मेल हरवता कामा नये, हा हट्ट. संस्कृतचे सर धानाच्या कापणीसाठी लामत्याला गावी गेले होते आणि त्यांचं नवं खातं उघडेना, तर मला मागे बसवून मामाजींची स्कूटर लामत्याला. मोबाईलवरचा कोड यायचा फक्त गच्चीवर, आणि लॅपटॉप खाली ओसरीत, इंटरनेटच्या तारेला बांधलेला. मामाजी धापा टाकत जिना उतरेपर्यंत कोडची मुदत संपायची. शेवटी मला गच्चीवर उभं केलं, सरांना जिन्यात. मी वरून आकडे ओरडायचे, सरांनी ते खाली पोचवायचे. घाईत सर संस्कृतात शिरले. "सप्त! नव!"

"मराठीत सांगा जी, मुदत संपून राह्यली!" खालून मामाजींचा टाहो.

खातं उघडलं. सगळ्यांचीच उघडली. डाक सुखरूप गेली, आणि त्याच महिन्यात मामाजी निवृत्त झाले.

निरोपसमारंभ नव्या सिस्टिमवरच, व्हिडिओ मीटिंगमध्ये व्हावा, ही कुलगुरूंची कल्पना. मामाजी कडक इस्त्रीचा सफारी घालून आपल्या सर्व्हरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले. इतर सगळे आपापल्या जागी, कॅमेरे बंद. पडद्यावर नुसती नावं. कुलगुरूंचं भाषण झालं, टाळ्यांची चित्रं उडाली. मामाजींची पाळी आली. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "माहा आवाज येऊन राह्यला का सगळ्यायले?"

माइकही सगळ्यांचे बंद होते. मामाजी थांबले. कोणीतरी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मी मोबाईल खिशात टाकला आणि जिना उतरून खाली गेलो. सर्व्हर नेलेला, एसीही काढलेला. खोली उगाच मोठी वाटत होती. मला पाहताच मामाजींनी खुर्ची वळवली आणि उरलेलं भाषण माझ्याकडे बघून केलं. विद्यापीठाला तेवढा वेळ त्यांची पाठच दिसली असेल. ते काय बोलले, ते आता धड आठवत नाही. "सगळ्यायचे आभार" म्हणताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि मीटिंग संपल्यावरही तो बराच वेळ सोडला नाही.