दखनी बाबूचा फळा

टहरौलीत समुद्र नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर कचेरीबाहेरचा फळा वाचून एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं की मागच्या टेकडीपलीकडं गलबतं लागलेली असतील.

फळा विश्वंभर लघाटे यांचा. गाव त्यांना 'दखनी बाबू' म्हणायचं. लघाट्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून कारभाराची दप्तरं घेऊन झाशीला आले. पुढं कारभार गेला, मान गेला, दप्तरंही वाळवीनं नेली. लिहून ठेवायची खोड तेवढी रक्तात राहिली. विश्वंभररावांचा जन्म झाशीच्या मानिक चौकामागच्या बोळातला. मॅट्रिक झाले, कारकून झाले, आणि अठ्ठावन्न साली टहरौलीच्या कचेरीत पाऊस मोजायच्या कामावर आले. सरकारनं पाऊस मोजायला माणूस नेमला, पण पाऊस काही नेमला नाही. पर्जन्यमापक अंगणात उभा असायचा. वर्षातले आठ महिने त्यात चिमण्या डोकावायच्या आणि निराश होऊन उडून जायच्या. विश्वंभरराव रोज आठ वाजता झाकण काढून आत बघायचे आणि वहीत 'निरंक' असं सुरेख अक्षरात लिहायचे. असं अक्षर साऱ्या जिल्ह्यात नव्हतं, असं ते स्वतः सांगत, आणि दुसरं कोणी सांगायला नसल्यामुळं ते खरंही होतं.

बासष्टच्या चैत्रात गावाचं खळं जळालं. मोहाची फुलं गळतात तेव्हा ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तसाच कोणी पेटवला, दुपारची लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापला वारा, सुटली, आणि माळ ओलांडून आग खळ्यावर गेली. सगळ्या गावाचा गहू एकाच खळ्यावर रचलेला. दोन घटकांत वर्षाची भाकरी काळी झाली. त्या वर्षी टहरौलीत एकही लग्न झालं नाही, आणि माहेरी गेलेल्या बायका दिवाळीपर्यंत परतल्या नाहीत.

तेव्हा वरून हुकूम आला, की गावाला आगीचा धोका रोज कळवावा. वारा कशानं मोजायचा, असं विश्वंभररावांनी लिहून विचारलं. चौदा महिन्यांनी उत्तर आलं: यंत्राची गरज आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिथला वारा नक्की किती आहे ते आकड्यांत कळवावं.

पण लघाट्यांचं रक्त अडून बसणारं नव्हतं. घराच्या गच्चीवर बायकोचं, शकुंतलाबाईंचं, नऊवारी लुगडं रोज वाळत पडायचं, जांभळं, हिरव्या काठाचं. नऊवार लुगडं गावात त्यांचं एकटीचंच. विश्वंभररावांनी त्याच्या तीन पायऱ्या ठरवल्या. लुगडं सरळ लोंबलं तर धोका 'साधा'. फुगलं तर 'मध्यम'. आणि दोरीवरून आडवं ताठ उभं राहिलं तर 'अती'. त्या दिवशी आठनंतर गावात चूल पेटवायची नाही. सकाळी रांधलेलं दिवसभर खायचं. जो पेटवेल त्याचं नाव फळ्यावर, 'गावची खबर' या सदरात.

शकुंतलाबाई म्हणाल्या, "माझ्या लुगड्यावरून सरकार चालतंय, हे सरकारला कळवलंत का?"

"कागदावर त्याला 'स्थानिक साधन' म्हटलंय."

"मग स्थानिक साधन विरलंय. नवं घ्या."

हे काही विश्वंभररावांनी वरती कळवलं नाही.

खबरीत सगळ्यांत जास्त वेळा नाव आलं ते राधाबाईचं. राधाबाई चणे-मुरमुरे भाजायची. तिचं भाड, म्हणजे मातीची भट्टी, खळ्याकडं जाणाऱ्या वाटेवर होतं. भट्टी बंद म्हणजे धंदा बंद. त्यामुळं ती कधीमधी पेटवायचीच, आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव ठळक अक्षरांत झळकायचं. तिला वाचता येत नव्हतं. पण इतक्यांदा बघून आपल्या नावाचा आकार तिला पाठ झाला होता.

"आज फिर हमाओ नाव आय का, बाबूजी?" ती लांबूनच विचारायची.

"आहे."

"बड़ो नोनो लिखत हो. हमाए ब्याव की पत्रिका सोई ऐसी नईं छपी ती." नोनो म्हणजे सुरेख.

पाऊस आणि धोका यांच्याखाली फळ्याची तिसरी ओळ समुद्राची होती. ती कोणी सांगितली नव्हती. विश्वंभररावांकडं एक ट्रान्झिस्टर होता. रोज सकाळी खरखरीतून ते मुंबईच्या मराठी बातम्या काढायचे, आणि बातम्यांच्या शेवटी कोकण किनाऱ्याची हवा. मूळ गाव कोकणात, असं वडील सांगायचे. समुद्र त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता, वडिलांनीही नव्हता. तरी मोठ्या अधिकारानं ते हिंदीत लिहायचे: 'समुद्र अशांत. मछुआरे समुद्र में न जाएँ.' हा एक हुकूम टहरौलीनं नेहमी तंतोतंत पाळला. राधाबाईसुद्धा कधी गेली नाही.

सदुसष्टच्या चैत्रात आबासाहेब आले. आबासाहेब म्हणजे विश्वंभररावांचे थोरले चुलतभाऊ, झाशीचे, निवृत्त हेडक्लार्क. लघाट्यांच्या देवीचा कुळधर्म दरवर्षी त्यांच्याकडं व्हायचा. त्या वर्षी त्यांच्या घरी दुखणं, म्हणून कुळधर्म टहरौलीला आला आणि त्याच्यावर देखरेख करायला आबासाहेब बसनं आले. बसमधून उतरल्यापासून त्यांना गावात काहीच पसंत पडलं नाही. फळा मात्र पसंत पडला.

"अक्षर लघाट्यांचं आहे," ते म्हणाले. "पण समुद्र दुसऱ्या ओळीत घे, विश्वंभरा. आपला मान मोठा आहे."

शकुंतलाबाईंनी सरळ विचारलं, "आबासाहेब, तीन दिवस धोका 'अती' चाललाय. उद्या पहाटे उठून पुरण-वरण सगळं आठच्या आत करते. चालेल ना?"

"आणि नैवेद्य बाराला?"

"बारालाच."

"म्हणजे देवीला गार पोळी? आजीच्या काळात तव्यावरची पोळी थेट पानात पडायची. अहो, देवी आहे ती, धर्मशाळेतला यात्रेकरू नाही."

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. विश्वंभररावांनी ट्रान्झिस्टरकडं पाहिलं. ट्रान्झिस्टर बंद होता.

"उद्याचं उद्या बघू," ते म्हणाले. "वाऱ्याचं काय सांगावं!"

रात्रभर त्यांना झोप आली नाही, असं ते पुढं सांगायचे. शकुंतलाबाई म्हणायच्या, ह्यांच्या घोरण्यानं मलाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता विश्वंभररावांनी नेमानं गच्चीवर पाहिलं. दोरी रिकामी होती. सोवळ्याचा स्वयंपाक, सोवळ्याचं लुगडं आदल्या दिवशी आत उंच वळणीवर वाळवलेलं, ते आता शकुंतलाबाईंच्या अंगावर. रोजचं जांभळं लुगडं न्हाणीत बादलीत भिजत पडलेलं, कारण नैवेद्य दाखवेपर्यंत त्या त्याला शिवणार नव्हत्या. दोरी तेवढी शिट्टी वाजवत होती. विश्वंभररावांची टोपी एकदा उडाली, त्यांनी ती धरली. कडुलिंबाची पानं आडवी पळत होती, ती त्यांनी पाहिली.

पण नियम लुगड्याचा होता, पानांचा नव्हता. लुगडं हललं का? नाही. फुगलं का? नाही. कागदावर हरकत घ्यायला जागाच नव्हती. मनात काहीतरी टोचलं, पण त्याला सदर नव्हतं. त्यांनी खडू घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'आग का खतरा: साधारण.' खाली समुद्र लिहिला. समुद्र त्या दिवशी अशांत होता.

आता गावाची गोष्ट अशी, की इतक्या वर्षांत त्यानं फळा कधी वाचलाच नव्हता. गाव गच्चीकडं बघायचं. विहिरीवरून, शेतातून, खळ्यावरून, कुठूनही लघाट्यांची गच्ची दिसायची, आणि लुगडं आडवं झालं की बायका चुलीत पाणी ओतायच्या. विश्वंभररावांना वाटायचं, आपल्या अक्षराचा धाक आहे. त्या दिवशी गच्चीवर काही नव्हतं. लोक गोंधळले, आणि प्रथमच कचेरीपाशी येऊन कोणाकडून तरी फळा वाचून घेतला. साधारण! तीन दिवस गार टिक्कड, म्हणजे जाड्या रोट्या, खाऊन कंटाळलेलं गाव आनंदानं घरी गेलं. घरोघरी चुली पेटल्या. राधाबाईनं भाड पेटवलं.

साडेअकराला विश्वंभरराव पाटावर बसले होते. आत तव्यावर पोळी फुगत होती. आबासाहेब तृप्त होऊन म्हणाले, "वास बघ. हा खरा कुळधर्म." तेवढ्यात वाऱ्यानं दार भिंतीवर आपटलं आणि उंबऱ्यावरून राख आत आली. ती त्यांच्या घरची नव्हती.

विश्वंभरराव बाहेर आले. गावातला धूर वर जात नव्हता, जमिनीलगत आडवा पळत होता, सगळा एका दिशेनं. त्या दिशेला खळं होतं. चाळीस घरांचा गहू, गंजीला गंज लावून रचलेला, आणि मध्ये राधाबाईचं भाड, त्यातून भाजलेल्या चण्यांसारख्या ठिणग्या उडत होत्या.

ते रेशमी सोवळ्यातच धावले. कचेरीपाशी जाऊन हातानं फळा पुसला आणि लिहिलं: 'खतरा: अति.' आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं. मग वाचायला कोणीतरी असावं म्हणून मागं वळले. कोणी नव्हतं. सगळं गाव गरम जेवत होतं.

"राधाबाई! भाड बुझाओ!" ते ओरडत गेले.

राधाबाईनं घमेल्यातली वाळू ढवळणं थांबवलं नाही. "काय? आज तौ तुमई ने साधारन लिखो."

"अब अति लिखा है!"

"सबेरे साधारन, दुपरै अति? हमाओ नाव लिखबे की ऐसी हड़बड़ी?"

दुसऱ्या दारी, तिसऱ्या दारी तेच. लोक दारात यायचे, सोवळं नेसून धावणाऱ्या दखनी बाबूकडं कौतुकानं बघायचे, आणि नकळत मान वर करून गच्चीकडं बघायचे. दोरी रिकामी. मग हसून आत जायचे.

त्या वर बघण्यात काय होतं ते विश्वंभररावांना चौथ्या दारी कळलं. ते तिथूनच घराकडं वळून जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो! लुगडं!"

शकुंतलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी धूरही पाहिला होता आणि नवराही.

"शिवू नका!" आबासाहेब आतून गरजले. "नैवेद्य व्हायचाय! ओवळ्याला शिवलात तर सगळा स्वयंपाक वाया!"

"आबासाहेब," शकुंतलाबाई म्हणाल्या, "देवीला गार चालत नाही म्हणालात. जळकं चालेल का?"

त्यांनी बादलीतलं भिजलेलं लुगडं उचललं, तशीच ओली पावलं उमटवत गच्चीवर गेल्या आणि ते दोरीवर टाकलं. आधी ते जड होऊन लोंबलं. गावाचे श्वास जणू त्याच्याबरोबर लोंबले. पण टहरौलीच्या लूला ओलं लुगडं म्हणजे काय! पाण्याचे थेंब झडले, पदर सुटला, आणि पाहता पाहता नऊवार जांभळं कापड दोरीवरून आडवं, ताठ, हिरव्या काठासकट खळ्याच्या दिशेनं बोट दाखवत उभं राहिलं.

कोणी कोणाला काही सांगितलं नाही. विहिरीवरून एक बाई ओरडली आणि घरोघर चुलींवर पाणी पडल्याचा आवाज उठला. राधाबाईनं वर पाहिलं आणि सगळी तापली वाळू भट्टीच्या तोंडात ओतली, वर चणेही. एक ठिणगी तेवढ्यात गेलीच होती. कडेच्या गंजीला धग लागली. पण माणसं आता बाहेर होती. कडुलिंबाच्या ओल्या फांद्यांनी झोडपून त्यांनी ती विझवली. गंजीचा एक कोपरा काळा झाला. बाकी गहू राहिला.

देवीला त्या वर्षी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य झाला. पुरणपोळ्या गाईनं खाल्ल्या, गारच. आबासाहेब दुपारच्या बसनं गेले आणि झाशीत त्यांनी सांगितलं की टहरौलीचे लघाटे बाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यापुढं सगळं गाव उभं होतं. वाचायला नव्हे, कोणाकोणाची नावं लागतात ते बघायला. चूल काल प्रत्येकानं पेटवली होती. विश्वंभररावांनी पाऊस लिहिला, निरंक. धोका लिहिला, अती, तोही आधी गच्चीवर दोनदा बघून. समुद्र लिहिला नाही. खबरीच्या ओळीपाशी खडू थांबला. 'काही घरांतून' असं लिहावं का? 'अपरिहार्य कारणास्तव'? कचेरीची भाषा मोठी दयाळू असते, तिच्यात कोणाचंच नाव न घेता पानं भरतात.

मागं राधाबाई उभी होती, भट्टीची राख अजून केसांत.

त्यांनी एक नाव लिहिलं. एकच. चांगलं ठळक, सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून.

राधाबाईनं मान तिरकी करून आकार न्याहाळला. "जौ हमाओ नईंयाँ."

"नाही."

"तौ कीको आय? बाँच कें सुनाओ."

"विश्वंभर लघाटे," ते पुटपुटले.

"पाछें वारन खों नईं सुनानो, बाबूजी. तनक जोर सें."

विश्वंभररावांनी घसा साफ केला, आणि मागच्यांनाही ऐकू जाईल असं जोरानं वाचलं.