झोळीतला चुडा

त्या दुष्काळी वर्षी आमच्या जीपच्या मागच्या भागात एक जिल्हा होता. तालुके होते, मुख्यालय होतं आणि मुख्यालयासाठी भांडणंही होती.

जीप काकांची, पाटबंधारे खात्याच्या लिलावातली. दारावर काकांनी निळा रंग मारला होता, पण चार महिने उन्हात फिरली की खालची सरकारी अक्षरं हळूच वर यायची. मग कुठल्याही गावात शिरलो की बाया घागरी टेकवून उठायच्या. "सायेब आले गं! टँकरचं इचारा!" आणि आतून उतरायची आमची काकू, बांगड्यांची पेटी घेऊन. आम्ही कासार. नांदेडात छोटं दुकान, आणि जिथं एसटी जात नाही तिथल्या बाजारांना जीप.

मी तेव्हा नुकतंच कॉलेज संपवून नव्या जिल्ह्याच्या मागणीत उतरले होते. नांदेडचे काही तालुके, लातूरचे काही, मिळून एक वेगळा जिल्हा. मागणी साधी होती आणि आजही मला ती साधीच वाटते. एका सहीसाठी माणसानं दिवसाची मजुरी बुडवून, दोन बस बदलून, साहेब जेवायला गेलेत हे ऐकायला का जायचं? मी पत्रकं लिहायचे. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक लाल शाईत होतं: "जिल्हा फोडा, माणसं जोडा!"

ही पत्रकं वाटायची तर गाडी हवी, आणि गाडी एकच. म्हणून बाजाराच्या फेरीत मीही जायचे. मागे समोरासमोर दोन बाकडी आणि मधे नुसता ढीग. स्टेपनी, जॅक, ताडपत्री, पाण्याचे कॅन, माझा भोंगा, त्याची बॅटरी, खळीची बादली, पत्रकांचे गठ्ठे, आणि या सगळ्यावर जीव मुठीत धरून काकूच्या पेट्या. जे लागायचं ते तळाशीच असायचं, आणि वरचं कुणी हलवायचं यावरून माझं नि काकूचं वाजायचं.

"तुमचं भांडण मिटून जॅक हाती येईस्तोवर टायर म्हातारं व्हतंय," काका म्हणायचे.

एका दुपारी मी सगळं अंगणात काढलं. रिकामी जीप बघताना मला रागच आला. हा तर आपला जिल्हाच! ज्याची रोज गरज तेच सगळ्यात लांब. मी वाटणी केली. स्टेपनी मागच्या दाराला बाहेरून लटकवली. बाकड्यांच्या फळ्या उचकटून बिजागऱ्या लावल्या. डाव्याखाली हत्यारं, उजव्याखाली पाणी, कॅनचं तोंड दाराकडे. चाकाच्या उंचवट्यामागं कोपरा वाया जात होता, तिथं बॅटरी बसली. पत्रकांचे गठ्ठे मधे सपाट रचले, म्हणजे वर आडवंही होता येईल. एकेका जागेला तालुक्याचं नाव दिलं, आणि दाराजवळची जागा मुख्यालय.

"मुख्यालय माझं," काकू म्हणाली. "एखादं काकण वाढलं तर तू भरून देणार हायेस का?"

कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही. ती वाढते. फुटणं हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, अशुभ. मला या बोलण्याची चीड होती. खड्ड्याला रस्ता म्हणणारे, कोरड्या नळाला योजना म्हणणारे पुष्कळ होते. घरात तरी फुटलं त्याला फुटलं म्हणावं!

"फुटली म्हण गं काकू. काच आहे ती."

"तू म्हण तुझ्या भोंग्यातून. माझ्या पेटीपाशी न्हाई."

तेवढ्यात एका लग्नघरचं काम आलं. गाव ओढ्याकाठचं. ओढ्याच्या अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं लातूर, आणि नवरी अलीकडून पलीकडं जाणार. पाणी नाही म्हणून हे लग्न दोनदा पुढं ढकललेलं. नवरीची आई काकूच्या जुन्या ओळखीची; तिनं निरोप धाडला होता की आता पाव्हणे नुसतं निमित्त शोधून राहिलेत, चुडा तेवढा धड आण. नवरीचं मनगट बारीक. त्या मापाचा, कडुलिंबाच्या नव्या पालवीसारखा हिरवा चुडा अख्ख्या बाजारात एकच मिळाला. वाढला असता तर दुसरा नव्हता.

आणि त्या गावाला रस्ताही नव्हता.

रात्रीपर्यंत मी जीपच्या छताकडे बघत बसले. सगळा जिल्हा खाली वसला होता. वरचं आभाळ कुणाचंच नव्हतं. सकाळी काकूचं जुनं लुगडं घेतलं आणि छताच्या दांड्यांना बांधून झोळी केली, बाळाची करतात तशी. आत पत्रकं चुरगळून गादी, तिच्यावर चुडा, एकेक जोड पुन्हा पत्रकात गुंडाळलेला. जीप हादरेल, झोळी झुलेल.

काकूनं हातानं झोका देऊन पाहिला. "बरं हाय," म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

त्या दिवसाची आठवण माझ्या मनात अजून पाण्याखालून दिसल्यासारखी दिसते. मी गठ्ठ्यांवर उताणी, वर झोळी. मागच्या काचेतून धूळ सोन्यासारखी उडायची, तिच्यात बाभळी मागं मागं जायच्या. झोळी हलली की आत किणकिण. फार लांब कुणीतरी हात धुतंय असं वाटायचं. लुगड्यातून गाळून आलेलं ऊन फिकट हिरवं पडलं होतं. त्या उजेडात मला झोप लागली आणि झोपेत ओढा भरून वाहत होता, नवरी होडीतून चालली होती, आणि काठावर एक कचेरी होती तिच्या दाराला कुलूपच नव्हतं. साहेब बाहेर येऊन विचारत होते, "काय काम होतं, माय?" खरं सांगते, भाषणात कधी आला नाही एवढा तो जिल्हा त्या दिवशी खरा होता.

धाडकन जाग आली. जीप ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरत होती; रस्ता नाही म्हणून शेवटचा पल्ला पात्रातूनच होता. काका ओरडले, "धरा!" काकू पुढच्या सीटवरून वळली आणि दोन्ही हातांनी झोळी धरली. दगडावरून चाक पडलं. खण् असा एकच आवाज झाला, किणकिणीतला नव्हे, वेगळा.

"वाढली गं," काकू हळू म्हणाली. मला वाटलं, चुड्यातलीच.

लग्नघराच्या अंगणात बाया जमल्या होत्या. काकांनी मागचं दार उघडलं. नवरीच्या आईनं स्वतः झोळी उतरवून मांडीवर घेतली, बाळ घ्यावं तशी, आणि एकेक जोड सोडवू लागली. सगळ्या धड. एकीलाही चरा नव्हता. माझा श्वास खाली आला.

आणि तिनं हातातला कागद सरळ करून वाचला.

"जिल्हा... फोडा?" तिनं दुसरा उलगडला. "ह्याच्यावर बी फोडा. माय, माझ्या लेकीच्या चुड्याला ह्येच गुंडाळायचं व्हतं का गं?"

मी पत्रकाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं. सहीचं, दोन बसचं, सगळं पाठ होतं. पण त्या बाईचा चेहरा पांढरा पडला होता, आणि कोपऱ्यात पाव्हण्यांकडची एक म्हातारी मान हलवायला लागली होती.

काकूनं आपला उजवा हात पुढं केला. मनगटावर तीनऐवजी दोनच हिरव्या बांगड्या, आणि एक बारीक लाल रेघ. झोळी धरताना हात छताच्या दांडीवर आपटला होता, आणि तुकडे तिनं तिथंच बाहेर टाकले होते.

"ह्ये बघ," ती म्हणाली. "जे वाढायचं व्हतं ते माझ्या हातावर वाढलं, ओढ्यातच. तुझ्या लेकीचं आता काय बी वाढायचं राह्यलं न्हाई. वंश सोडून."

आधी म्हाताऱ्या पाव्हणीलाच हसू फुटलं. मग सगळं अंगण.

चुडा भरून झाला. पण कासारणीचा हात उणा ठेवून नवरीच्या घरातून कसं उठायचं? काकू सगळ्या गावाला भरते, तिला भरणारं तिथं मीच. मी पेटीतली बांगडी घेतली, तिचा हात दाबून मऊ केला आणि हळू चढवली. पहिल्यांदाच.

"जमतंय की," काकू म्हणाली. "आणि पत्रकात फोडा कामून लिवतीस? वाढवा लिव. कुणी न्हाई म्हणणार न्हाई."

अजूनही मला वाटतं, फोडायचं ते फोडा म्हणूनच फोडावं. पण त्या अंगणात भोंगा मी लावला नाही.

निघताना नवरीची आई जीपपाशी आली. चुरगळलेल्या एका पत्रकाची तिनं नीट घडी घातली होती.

"पोरी, तुझा नवा जिल्हा झाला तर ह्यो ओढा मधून जाईल का? म्हंजे माझी लेक माझ्याच जिल्ह्यात राहील?"

"राहील, मावशी."

"जवळ येईल?"

एवढी पत्रकं लिहिली, हा प्रश्न एकातही नव्हता. "कचेरी जवळ येईल," मी म्हणाले.

"कचेरीला काय करू?" ती म्हणाली, आणि घडी कमरेला खोचून परत गेली.

काकांनी गाडी चालू केली. मागं रिकामी झोळी झुलत होती, आता आवाज नव्हता. "मुख्यालय मोकळं झालं," काका आरशातून झोळीकडे बघत म्हणाले. "झोप आता." मी आडवी झाले. ओढा आला तेव्हा उठून मागच्या काचेतून पाहिलं. कोरड्या पात्रात, आमच्याच चाकाच्या खुणेशी, काचेचा एक हिरवा तुकडा उन्हात चमकला, क्षणभर पाण्यासारखा.