सूज उतरायच्या आधी

त्यानं बसवलेली फरशी केसभरही उतरत नसे, म्हणून त्याला सगळे 'लेव्हल' म्हणायचे. फरशी बसवण्याच्या धंद्यात आपलं उभं आयुष्य उकिडवं गेलं, असं तो स्वतःच गमतीनं सांगायचा. पन्नाशीला टेकला तरी सकाळी एकदा उकिडवा बसला की जेवणाच्या सुट्टीलाच उठायचा. बसवलेल्या फरशीवर टकटक करून कान द्यायचा. पोकळ वाजली तर कुणी काही म्हणायच्या आत उचलून पुन्हा बसवायचा. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली तयार झाला होता.

एका नव्या इमारतीत फरश्यांचं खोकं छातीशी धरून तो मागे वळला. पाऊल सिमेंटच्या ओल्या मालात रुतलेलं. अंग वळलं, पाय वळला नाही. गुडघ्यात कट्कन आवाज झाला, तो शेजारी काम करणाऱ्या धाकट्यालाही ऐकू गेला. दुपारपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा टम्म फुगला.

सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी फोटो आणि एमआरआय काढायला लावले आणि निदान सांगितलं. गुडघ्याला आतून धरून ठेवणारा लिगामेंट पुरता तुटला होता.

"मग कधी कापताय?" त्यानं विचारलं.

"आत्ता नाही," बाई म्हणाल्या. "आधी सूज उतरू दे. गुडघा पूर्ण वाकला पाहिजे, सरळ झाला पाहिजे. दोन-तीन महिने व्यायाम करा. तुमच्या वयात पुष्कळ जणांचं तेवढ्यावर भागतं. तरीही गुडघा सटकत राहिला तर ऑपरेशन करू. मग मात्र उशीर नाही करायचा, नाहीतर आतली गादी फाटते. पण सुजलेल्या गुडघ्यावर सुरी चालवली तर तो आखडून बसतो."

त्यानं ऐकलं, पण डोक्यात एवढंच राहिलं की बाई आपल्याला टोलवतायत.

त्याला कारणही होतं. त्याच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आज बघू, उद्या बघू करत घरच्यांनी दिवस घालवले. म्हातारा खाटेवर पडला तो उठलाच नाही. पाठीला जखमा झाल्या, आणि त्या पुसायचं काम याच्याकडे होतं. तो वास त्याच्या नाकातून कधी गेला नव्हता. थांबणं म्हणजे खाट, एवढं त्याच्या मनानं पक्कं धरलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तो एका खाजगी दवाखान्यात गेला. तिथले सर्जन घाईत होते. "करून टाकू," ते म्हणाले. "गुडघा आखडायची थोडी शक्यता असते, ते गृहीत धरा." हे वाक्य त्यांनी हात धुता धुता म्हटलं.

त्याची बायको लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिनं घरी परतताना रिक्षात विषय काढला. "अहो, बाईंनी थांबा म्हटलंय. अजून गुडघ्याला हात लावला तर चटका बसतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातली गत नका करू."

"पडून राहिलो तर तूच पुसशील ना पाठ?"



ऑपरेशन झालं. लिगामेंट छान बसला, असं सर्जन म्हणाले, आणि ते खरंही होतं. गुडघा पुन्हा कधी सटकला नाही. पण तो वाकेना. व्यायाम शिकवणारी मुलगी पाय दाबायची तेव्हा तो दात-ओठ खायचा, उशीचा कोपरा चावायचा. खुर्चीत बसण्यापुरता पाय वाकला आणि तिथंच दाराला अडसर घातल्यासारखा अडला.

तसाच तो कामावर गेला. उकिडवं बसता येईना, म्हणून एक पाय लांब करून कुल्ल्यावर बसला आणि सरकत सरकत फरश्या लावू लागला. हात पोचत नव्हता, वजन एका अंगावर येत होतं. संध्याकाळी विसरलेला डबा घ्यायला तो परत वर गेला, तर धाकटा त्यानं लावलेली ओळ उचकटत होता. माल अजून ओला होता.

दोघांची नजरानजर झाली.

"दादा, जरा उतरली होती एका बाजूला," धाकटा म्हणाला. "मी करतो, तू जा."

त्यानं डबा उचलला. कठड्याला धरून, एकेक पायरी करत तो खाली आला.

शेवटी बायकोच त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी गुडघा वाकवून बघितला. कुठं केलंत, का केलंत, काही विचारलं नाही.

"थांबलो असतो तर?" त्यानं विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. " कदाचित ऑपरेशन लागलंही नसतं."

बायकोनं मान फिरवून खिडकीकडे बघितलं.

"आता आत जे चिकटलंय ते दुर्बिणीनं मोकळं करता येईल," बाई पुढे म्हणाल्या. "मात्र यात वेळ घालवू नका. जितका उशीर, तितका फायदा कमी."

पण दुधानं तोंड पोळलं होतं. पुन्हा ती सुई, ती टेबलावरची थंडी, पुन्हा पाय दाबणारी मुलगी, या सगळ्याची त्यानं धास्ती घेतली होती. बायको दर आठवड्याला विचारायची, तो दर वेळी नवं निमित्त काढायचा. ती रागावली, मग रडली, मग विचारायची थांबली. वर्ष उलटून गेल्यावर तो आपणहून गेला. बाईंनी गुडघा तपासला आणि सरळ सांगितलं, "आता करून फारसं हाती लागणार नाही."

तो खाटेवर पडला नाही, एवढं मात्र खरं. तो उभा असतो. इमारतीच्या तळमजल्यावर फरशी कापायच्या मशीनपाशी दिवसभर उभा. वरून धाकटा माप ओरडून सांगतो, हा कापून पाठवतो. त्याचा काप अजूनही केसभर चुकत नाही. कधी माप ऐकू आलं नाही तर तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन पुन्हा विचारतो. वर काय काम चाललंय ते बघायला जात नाही.

घरी आल्यावर खुर्चीत बसतो. बायको त्याचे बूट काढते, कारण पावलापर्यंत त्याचा हात पोचत नाही. लेस सोडताना तिची बोटं इस्त्रीनं कोरडी पडलेली दिसतात, आणि तो नजर भिंतीवर ठेवतो.